पावती फाडण्याआधी

आमच्या पेठेतल्या देवळाच्या सभामंडपाचं काम २०२० च्या मार्चमध्ये जे थांबलं, ते थांबलंच. देऊळच बंद, तर दानपेटीत पडणार काय? त्या वर्षी दिवाळी पाडव्याला देवळं उघडली, पण २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत पुन्हा कुलूप लागलं. मंडपाच्या सळ्या गंजल्या. शेवटी २०२४ च्या दिवाळीनंतर बैठक झाली आणि घरटी अकराशे रुपये वर्गणी ठरली. बैठकीला बायकांना बोलावणं नव्हतं. ‘घरोघरी मात्र तुम्हीच फिरा, तुम्हाला कोणी नाही म्हणत नाही,’ असा निरोप आला. मीही पावतीपुस्तक घेऊन निघाले.

त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात मिळत होता त्याहून बराच कमी. शेतकऱ्याच्या हातात पैसा नसला की आमच्या गावात शिलाई, किराणा, पार्लर सगळंच थंडावतं. तरी एका घरी बाई ‘थांबा हं’ म्हणत आत गेली आणि अकराशे मोजून दिले. मी खुशीत पावती फाडली. आठ दिवसांनी बचत गटात कर्जाचे अर्ज वाचताना तिचं नाव आलं. रक्कम दोन हजार, कारण ‘घरखर्च’. नंतर बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाली, “ताई, ते पोराच्या बारावीच्या फॉर्मचे पैसे होते. फळ्यावर सगळ्यांची नावं लागणार, आमचंच नसलं तर कसं दिसतं हो?”

व्याज ती भरणार, महिना दोन टक्के. आणि पावतीवर सही माझी!

मैत्रिणींनो, देवळासाठी मागूच नये असं मी म्हणत नाही. पुरुषांना पार आहे, चहाची टपरी आहे. आपल्याला घटकाभर टेकायला देवळाशिवाय जागा कुठे असते? गुरवाच्या घरची चूलही त्यावरच. तेव्हा मागावं, पण घराला दर लावून नव्हे. गाडगेबाबांनी लोकांच्याच पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या. आणि कर्ज काढू नका, हे कीर्तनातून बजावणारेही तेच. ज्याला जमेल त्याने पेटीत टाकावं, कुणी पायलीभर ज्वारी द्यावी, कुणी दोन दिवस विटा वाहाव्यात. फळा लावायचाच तर हिशेबाचा लावा: जमले किती, सिमेंटला गेले किती. नोंदणी झालेल्या ट्रस्टला हिशेब ठेवावाच लागतो, मग तो गावाला दाखवायला संकोच कसला?

हे मी कमिटीत बोलले तेव्हा एक काका हसून म्हणाले, “नावं नाही लावली तर देणार कोण?” मला उत्तर सुचलं नाही, कारण त्यांचं अगदीच खोटं नव्हतं.

मंडप अजून अर्धाच आहे. पुढच्या बैठकीला आम्ही चौघी जाणार आहोत, बोलावणं आलं नाही तरी. पावतीपुस्तक मी परत दिलंय.