शंकेवाचून समाधान

'आमच्या सेवेबाबत आपण कितपत समाधानी आहात? कृपया ० ते १० यांपैकी एक अंक दाबा.' २०२४ च्या पावसाळ्यात, चार आठवड्यांच्या अवधीत, हा प्रश्न आम्हांला दूरध्वनीवरून तीन वेळा विचारण्यात आला. विचारणारा आवाज ध्वनिमुद्रित होता. भाषा बऱ्यापैकी शुद्ध होती, 'कृपया'चा उच्चारही निर्दोष होता. विषय होता आमच्या घरातील ब्रॉडबँडचा, नेमके सांगायचे तर कंपनीने भिंतीवर टांगून दिलेल्या वाय-फाय राउटरचा. तिन्ही वेळा आम्ही दहा हा अंक दिला आणि तिन्ही वेळा तो खोटा होता. हा खोटेपणा आमच्या हातून का घडला आणि तो एकट्या आमचाच आहे का, एवढ्यापुरता हा लेखनप्रपंच.

मराठीच्या अध्यापकाला असा प्रश्न ऐकला की अंकाच्या आधी शब्द खटकतो. हा आमचा व्यवसायदोष समजावा. समाधान म्हणजे सम् + आ + धा, नीट एकत्र ठेवणे, जुळवून बसवणे. 'समाधी' हा त्याचाच सख्खा भाऊ. वेदान्तात शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा आणि समाधान अशी साधकाची षट्संपत्ती सांगितली आहे. तेथे समाधान म्हणजे चित्ताची स्थिरता. शास्त्रचर्चेत त्याच शब्दाला वेगळे काम आहे. पूर्वपक्षाने आक्षेप घ्यायचा आणि सिद्धान्त्याने त्याचे समाधान करायचे. तेथे आधी शंका लागते, तीही पूर्ण ऐकून घेतलेली. 'शंकासमाधान' हा समास आपण व्याख्यानाच्या शेवटी इतक्या सहज वापरतो की त्यातले पहिले पद गाळले तर दुसऱ्याला उभे राहायला जागाच उरत नाही, हे लक्षात येत नाही.

याखेरीज तिसरा एक प्रयोग आहे, तो घरगुती. 'मिळाले त्यात समाधान मानावे.' समाधान मिळणे आणि समाधान मानणे यांतला भेद मराठी मुलाला शाळेत शिकवावा लागत नाही. दिवाळीच्या खरेदीत तो आपोआप कळतो. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की ब्रॉडबँड कंपन्या मानून घेतलेले समाधान गोळा करतात आणि ते मिळालेले समाधान म्हणून दप्तरी नोंदवतात.

आता प्रत्यक्ष हकिकत. आम्ही दोघे पती-पत्नी, दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. घर साताऱ्याच्या एका जुन्या पेठेत. भिंती दगडमातीच्या, पावणेदोन फूट जाडीच्या. कंपनीची तार खांबावरून येते, दरवाज्याच्या चौकटीवरून ओसरीत उतरते आणि तेथेच, चपलांच्या फळीवर, डबा टांगलेला. (राउटरला आमच्या घरी, आणि आमचा समज असा की निम्म्या महाराष्ट्रात, डबाच म्हणतात.) आमची लिहिण्यावाचण्याची खोली मागच्या अंगाला. ओसरी आणि ही खोली यांच्यामध्ये माजघर, म्हणजे दोन भिंती आणि आजेसासूबाईंचे लोखंडी कपाट.

या डब्यातून दोन प्रकारच्या लहरी निघतात, हे आम्ही पुढे शिकलो. २.४ गिगाहर्ट्झची लहर सावकाश पण लांब जाणारी, भिंत बऱ्यापैकी ओलांडणारी. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण जाड भिंतीपाशी धाप लागणारी. पहिल्या पट्ट्यात आपल्या देशात २००५ पासून परवान्याविना वावर करता येतो. त्यामुळे शेजाऱ्यांचे डबे, ब्लूटूथ आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह असे सगळे तेथे आठवडेबाजारासारखे दाटीने बसलेले असतात. जाता जाता, 'वाय-फाय' या नावाला मुळात काही अर्थ नाही. १९९९ मध्ये इंटरब्रँड या नावे घडवून देणाऱ्या संस्थेने 'हाय-फाय'शी यमक जुळते म्हणून ते सुचवले; विग्रह लोकांनी नंतर शोधले. लोकव्युत्पत्तीचे उदाहरण म्हणून भाषाविज्ञानाच्या तासाला ते उपयोगी पडते.

पहिल्या तक्रारीनंतर एक तंत्रज्ञ आला. त्याने डबा बंद करून पुन्हा चालू केला, ओसरीत डब्यापाशीच उभे राहून मोबाइलवर वेग मोजला आणि आम्हांला दाखवला : ९४ एमबीपीएस. आमची योजना शंभराची. गणित चोख होते. मागच्या खोलीत येऊन मोजा, अशी विनंती केल्यावर तो संकोचून म्हणाला, "मॅडम, आमचं रीडिंग डब्यापाशी घ्यायचं असतं." तासाभरात संदेश आला, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. दुसऱ्या तक्रारीनंतर डबा बदलून मिळाला, त्याच जातीचा, त्याच खिळ्यावर. तीही निकाली.

दुसऱ्या आणि तिसऱ्या तक्रारीच्या मध्ये जे घडले ते आम्ही सहसा कोणाला सांगत नाही. एम.ए.च्या द्वितीय वर्षाची आमची एक विद्यार्थिनी पाटण तालुक्यातल्या एका वाडीत राहते. तिचा प्रकल्प होता स्वतःच्या गावातील जात्यावरच्या ओव्यांवर. बऱ्याचशा ओव्या तिने आजीकडून लिहून घेतलेल्या. पावसाने रस्ता बंद झाला, म्हणून मौखिकीची रंगीत तालीम आम्ही ऑनलाइन घ्यायचे ठरवले. तिच्याकडे रेंज फक्त शेजाऱ्यांच्या माडीवर मिळते. ती तेथे घोंगडी पांघरून बसली होती. आम्ही विचारले, "ओवीचा कर्ता कोण मानायचा? गाणारी बाई, की सगळ्या बायका?" तिने उत्तराला सुरुवात केली, आणि ती चांगलीच होती. आजी एखादी ओवी 'माझी' कधी म्हणते आणि 'आपली' कधी म्हणते, याची काही निरीक्षणे तिने केली होती. तेवढ्यात आमच्याकडचे दृश्य थिजले.

वाडीतली रेंज टिकली. शंभर एमबीपीएसची आमची तार टिकली नाही. सहा-सात मिनिटांनी जोडणी परत आली तेव्हा मुलगी रडवेली झाली होती. तिच्या पडद्यावर आमचे दोघांचे चेहरे तसेच गोठून राहिले होते, कपाळाला आठ्या घातलेले. (ऐकताना आठ्या घालण्याची आमची सवय जुनी आहे.) ती म्हणाली, "मॅडम, चुकलं का माझं? मी तो भाग काढून टाकते." काढून टाकते कसले, तिने टिपणातल्या त्या दोन परिच्छेदांवर काट मारलीही होती. आमचे न बोलणे हाच तिला निकाल वाटला. ते परिच्छेद पुन्हा लिहून घ्यायला आम्हांला पुढचा आठवडा लागला, आणि दुसऱ्या वेळी ते पहिल्याइतके निर्भयपणे लिहिले गेले नाहीत. ० ते १० यांतला कोणता अंक या प्रसंगाला द्यायचा?

तिसऱ्या वेळी आलेला तंत्रज्ञ विशीतला, कोरेगावकडचा. त्याने डब्याकडे नुसते पाहिले, भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाला, "सर, डब्यात काही नाही. डबा इथं टांगला हेच चुकलं. माजघरात घ्या, सगळं मिटेल." मग कंपनी तो हलवून का देत नाही? तर जोडणीच्या वेळी ठरलेल्या लांबीची तार मिळते. पुढची तार, भिंतीला भोक, हे त्याच्या कामात धरलेले नाही. आणि तक्रारीच्या यादीत 'डबा चुकीच्या जागी आहे' असा प्रकारच नाही. त्याने चहा घेतला आणि जाताना अत्यंत ओशाळून म्हणाला, "मॅडम, फोन येईल. दहापैकी दहा द्या. आठ दिले तरी आमचं कापतात."

त्याचे कापतात की नाही, हे पडताळायला आमच्याकडे साधन नाही. पण आठाबद्दलची त्याची भीती अनाठायी नव्हती. शून्य ते दहा ही मोजपट्टी फ्रेड राइकहेल्ड यांच्या २००३ च्या 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मधील लेखापासून जगभर पसरली. तिच्यात नऊ आणि दहा देणारे तेवढे प्रशंसक. सात-आठ देणारे जमेस धरलेच जात नाहीत. आणि शून्यापासून सहापर्यंत सगळे निंदक. साठ टक्क्यांना प्रथम वर्ग देणाऱ्या विद्यापीठात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांनी एखाद्याला मनापासून सहा दिले तर ते त्याच्या मुळावर येणार! आपण परीक्षकाच्या सचोटीने गुण द्यायचे आणि समोरच्याने ते फाशीच्या दोरासारखे वाचायचे, असा हा व्यवहार आहे. म्हणून आम्ही दहा दिले. आरंभी तिन्ही दहा खोटे म्हटले, त्यात या मुलावर थोडा अन्याय झाला. त्याच्यापुरता तिसरा दहा खरा होता. डब्यापुरता मात्र तो खोटाच. एकाच अंकात माणूस आणि यंत्र दोघांनाही बसवले की खरेखोटे वेगळे काढता येत नाही. ग्राहकाची दया आणि कामगाराची धास्ती यांची बेरीज कंपनीच्या वहीत 'समाधान' या मथळ्याखाली जमा होते.

नियम नाहीत, असे नव्हे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २००६ च्या विनियमांत ब्रॉडबँडच्या ९० टक्क्यांहून अधिक तक्रारी दुसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत आणि ९९ टक्के तीन दिवसांत दूर व्हाव्यात असा मापदंड होता. २०२४ मध्ये त्यांची जागा नव्या एकत्रित विनियमांनी घेतली. २०१२ च्या विनियमांनी तक्रारीला क्रमांक दिला, कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागण्याची वाट दिली आणि त्या अपिलाला ३९ दिवसांची मुदत घातली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगांपुढेही चालतील असे स्पष्ट केले. हे सारे स्वागतार्हच आहे. परंतु या नियमांतले घड्याळ दोष दूर होईपर्यंतचा काळ मोजते, आणि दोष दूर झाला की नाही हे आमच्या बाबतीत कंपनीनेच ठरवले. आमच्या एकाच दुखण्याला तीन क्रमांक मिळाले आणि तिन्ही मुदतीत निकाली निघाले. कागदोपत्री आमच्याइतका सुदैवी ग्राहक पेठेत दुसरा नसेल.

'ग्राहक' म्हणजे ग्रहण करणारा. 'रसग्रहण'मधला तोच धातू. आपण विद्यार्थ्याला सांगतो की कवितेचे ग्रहण म्हणजे ती आवडली की नाही एवढे सांगणे नव्हे. का, कोठे, कशामुळे, हे शब्दांत मांडता आले पाहिजे. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत स्थापन केली, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या ग्राहकाला बोलायची थोडीफार सवय लागली होती. त्याच्याकडून शब्द काढून घेऊन हाती अंक देणे ही सोय कोणाची आहे, हे उघड आहे. बोलभाषेत 'एखाद्याचे गिऱ्हाईक करणे' याचा अर्थ काय होतो, हे वाचकांना सांगायला नकोच.

आमच्या मागण्या फारशा मोठ्या नाहीत. तक्रार निकाली निघाली असे तक्रारदाराने म्हटल्याखेरीज ती बंद करू नये. येणाऱ्या माणसाबद्दलचा प्रश्न आणि डब्याबद्दलचा प्रश्न वेगळे विचारावेत. वेग मोजायचा तर ग्राहक जेथे बसतो तेथे मोजावा. भिंतींकडे बघून डब्याची जागा ठरवणे हे जोडणीचेच काम मानावे. आमची घरे सगळी पुठ्ठ्याची नाहीत.

इतके लिहून झाल्यावर आमच्यापैकी एकाने दुसऱ्याला आठवण करून दिली, की आपणही मोजले जाणाऱ्यांत आहोत. 'नॅक'च्या २०१७ च्या सुधारित चौकटीत विद्यार्थी-समाधान सर्वेक्षण आले. वीस प्रश्न पर्यायांचे आणि एकविसावा मोकळा, ज्यात विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत सूचना करायच्या. त्या वर्षी वर्गात जाऊन आम्ही काय म्हणालो होतो? "नीट भरा हं. महाविद्यालयाचा प्रश्न आहे." कोरेगावच्या मुलाने निदान ओशाळून सांगितले होते, आम्ही फळ्यासमोर उभे राहून, ताठ मानेने सांगितले. मुलांनी समाधान मानले. पाटणची ती मुलगी तेव्हा शाळेत होती, एवढाच काय तो दिलासा.

असो. ऑगस्टमध्ये पेठेतल्याच एका वायरमनने जुन्या दूरध्वनीच्या तारेचे भोक शोधून काढले, त्यातून तार आत घेतली आणि डबा माजघरात, कपाटाच्या वर, बसवला. मजुरी साडेसहाशे रुपये. तेव्हापासून मागच्या खोलीत दृश्य थिजलेले नाही. पुढच्या महिन्यात कंपनीचा प्रश्न पुन्हा आला, या वेळी लेखी संदेशाच्या रूपाने. आम्ही अंक दिला नाही. लिहिले : 'डबा माजघरात आणल्यावर उत्तम चालतो. तो आणणारा तुमचा नव्हता. कुठे आणायचा हे सांगणारा तुमचा होता. त्याचे काही कापू नये.'

मिनिटभरात उत्तर आले : 'अवैध प्रतिसाद. कृपया ० ते १० यांपैकी एकच अंक पाठवा.'