शीतसाखळीचा न दिसणारा हिशेब

बालकांच्या लसीकरणाचा विचार आपण खरेदीच्या आकड्यांत करतो. खरी कसोटी वाहतुकीत व भांडारात लागते. १९८५ साली देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहावी लागते. उष्णता लागल्यास कुपीवरील खूण रंग बदलते. परंतु त्रिगुणी वा कावीळ-ब प्रतिबंधक लस गोठून निकामी झाली, तर ती खूण मूकच! नोंदवहीत आकडा चढतो, बालक असुरक्षितच राहते. (लेखापरीक्षकासही यात आक्षेपार्ह काही आढळणार नाही.) २०१५ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या ‘ईविन’ यंत्रणेमुळे साठा व तापमान दूरवरून कळू लागले, पण इशारा मिळताच शीतपेटीकडे धावणारा भांडारपाल कोठे आहे? नव्या शीतपेट्यांच्या निविदा काढण्यापूर्वी शासनाने ही रिक्त पदे भरावीत.