विझले काय, उरले काय?

‘एक्स्टिंक्शन’ हा इंग्रजी शब्द आपल्या मुलांना शाळेत डायनोसॉरच्या धड्यात भेटतो. नामशेष होणे, एवढाच अर्थ ती पाठ करतात. परंतु चळवळीच्या माणसाला हा शब्द आणखी दोन ठिकाणी गाठतो. एक धम्माच्या ग्रंथांत आणि दुसरे कोर्टाच्या कागदांत. दोन्हीकडे त्याचा अर्थ लावण्याचे काम बहुतेक वेळा दुसऱ्यांनीच केले आणि नुकसान आपले झाले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी धम्माचे. पाश्चात्त्य पंडितांनी ‘निब्बान’ या पाली शब्दाचे भाषांतर अनेकदा ‘एक्स्टिंक्शन’ असे केले. शब्दशः ते चूकही नाही. निब्बान म्हणजे विझणे. पण विझते काय? तथागतांनी गयासीस येथे पूर्वी जटिल असलेल्या भिक्खूंना सांगितले की, डोळा जळतो आहे, कान जळतो आहे, मन जळतो आहे. राग, द्वेष आणि मोह यांची ही आग आहे. विझवायची ती ही आग, माणूस नव्हे. नेमका हाच खुलासा गाळून विरोधकांनी बौद्ध धम्म म्हणजे निराशावाद, संसार सोडून मरणाची वाट पाहणे, असा प्रचार केला. बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ही गाठ सोडवून ठेवली आहे. संपूर्ण विझणे म्हणजे परिनिब्बान. निब्बानाला तो अर्थ कधीच लागू होत नाही. विकारांवर एवढा ताबा की माणूस सदाचाराच्या मार्गाने चालू शकेल, हे निब्बान. आणि ते जिवंतपणीचे आहे. म्हणूनच 6 डिसेंबरला आपण महापरिनिर्वाण दिन म्हणतो. (पुण्यानुमोदनाच्या पत्रिकांवर ‘निर्वाण झाले’ असे छापणाऱ्या बांधवांनी हा फरक एकदा पाहावा. भावना कळते, शब्द चुकतो.)

‘बौद्ध धम्म भारतातून नामशेष झाला’ हे वाक्यही आपलेच वक्ते बिनदिक्कत बोलतात. लडाखमध्ये तो नव्हता काय? चितगावच्या बरुआंमध्ये नव्हता काय? 1951 च्या जनगणनेत देशात बौद्ध सुमारे 1 लाख 81 हजार होते. नागपूरच्या दीक्षेनंतर 1961 मध्ये ते साडेबत्तीस लाखांच्या घरात गेले. विझलेल्या राखेतून एवढी ज्योत निघत नाही.

आता कोर्टाचा कागद. महार वतन ही जमीन नव्हती, जमिनीच्या तुकड्याला बांधलेली गुलामी होती. त्या तुकड्याच्या बदल्यात घरातल्या माणसांनी रात्री-बेरात्री सरकारचे आणि गावाचे राबायचे. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागचा विचार साधा होता: राबणूक जावी, जमीन राहावी, तिचा सारा रयतेप्रमाणे भरावा. तेव्हा ते होऊ शकले नाही. पुढे 1958 चा कनिष्ठ गाव वतन निर्मूलनाचा कायदा आला. त्याच्या कलम 4 मध्ये हाच शब्द आहे. वतने रद्द झाली आणि त्यांना चिकटलेल्या सर्व बाबी, हक्कही आणि चाकरीही, ‘एक्स्टिंग्विश’ झाल्या.

एका महसुली सुनावणीत समोरच्या वकिलांनी हे कलम मोठ्या आवाजात वाचले आणि म्हणाले, “साहेब, यांचा हक्क तर कायद्यानेच विझवला!” आमच्या बाजूचे म्हातारे बाबा खाली मान घालून उभे होते. आम्ही एवढेच म्हटले, “साहेब, कलम 5 पण वाचू द्या.” तेथे लिहिले आहे की शासनाकडे गेलेली ही जमीन कब्जाहक्काची रक्कम भरल्यावर वतनदारालाच पुन्हा द्यायची, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय ती दुसऱ्याच्या नावे करता येणार नाही. कलम 4 वाचायचे आणि 5 गाळायचे, ही गयासीसावरची आग गाळण्यासारखीच चलाखी आहे.

मात्र सगळा दोष समोरच्यांचा नाही. ही रक्कम मुदतीत भरायची असते, हे किती घरांना कोणी समजावले? आणि आपल्या शिकलेल्या माणसांनी तरी कुठे समजावले? आम्हीही त्यातच आलो. मुदतीच्या 1963 च्या कायद्याचे कलम 27 पाहा. तेथेही हाच शब्द आहे. ताबा गेल्यावर खाजगी मालकाने 12 वर्षांत दावा लावला नाही, तर दावाच नव्हे, मालकीच विझते. त्याची नोटीस कोणी घरी आणून देत नाही.

बांधवांनो, आजोबांच्या नावाचा जुना सातबारा, वतनाचे फेरफार आणि पुनर्प्रदानाचा आदेश या तीन कागदांच्या नकला महसूल कार्यालयातून काढा. आदेश झालाच नसेल, तर तसे लेखी मागा. नकला हातात आल्या की वकिलाकडे चला, पण जाताना कलम 5 स्वतः वाचून जा.