आधी बिल चुकतं करा, मग संधी वाढवा

कुपवाड एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. शाळेचे बाक, लोखंडी कपाटं, पाण्याच्या टाकीच्या शिड्या, गेट, ग्रिल. यातला बराचसा माल शेवटी सरकारी आवारातच उभा राहतो, पण सरकारी कागदावर आमचं नाव क्वचितच असतं. टेंडर मोठ्या पुरवठादाराच्या नावावर निघतं आणि वेल्डिंग आमच्या शेडमध्ये होतं. पलूस असो, तासवडे असो की साताऱ्याची एमआयडीसी, माझ्यासारखे लोक सगळीकडे आहेत.

छोट्यांना सरकारी कामं मिळावीत, हे आता सगळेच म्हणतात. केंद्राने त्यासाठी 2012 मध्ये सार्वजनिक खरेदी धोरण आणलं. वर्षाच्या खरेदीतला 20 टक्के वाटा सूक्ष्म आणि लघु उद्योगांचा ठरला, 2018 च्या दुरुस्तीने तो 25 टक्के झाला. त्यातले 3 टक्के महिला उद्योजकांचे, 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचे. बयाणा रक्कम माफ. सर्वांत कमी दरापेक्षा आमचा दर 15 टक्क्यांपर्यंत जास्त असला, तरी तो कमी दर मान्य करून पुरवठ्यातला वाटा मिळवण्याची सोय. धोरण चांगलंच आहे. पण ते केंद्राची खाती आणि केंद्राच्या कंपन्यांसाठी आहे. कुपवाडच्या वर्कशॉपला दिसणारं सरकार म्हणजे जिल्हा परिषद, महापालिका, पंचायत समिती. तिथे सगळा माल एकाच निविदेत मागवला आणि तीन वर्षांची उलाढाल व तशाच कामाच्या अनुभवाचा दाखला मागितला, की आम्ही तांत्रिक लिफाफ्यातच बाद होतो.

तरीही मी राखीव टक्का आणखी वाढवा असं म्हणणार नाही. माझी मागणी त्याआधीची आहे: झालेल्या कामाचे पैसे द्या.

पैसे अडकतात म्हणजे काय होतं, ते सांगते. लोखंडाचा व्यापारी महिनाभराची उधारी देतो. पगार सात तारखेला. लोखंडी फर्निचरवर 18 टक्के जीएसटी आहे, आणि मासिक विवरणपत्र भरणाऱ्याला बिल फाडल्यावर पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत तो भरावाच लागतो. गिऱ्हाइकाने पैसे दिले की नाही, हे कोणी विचारत नाही. म्हणजे ज्या मालाचा रुपया हातात आलेला नाही, त्याचा कर मी बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यातून व्याजाने पैसे उचलून भरते. एका कार्यालयाला कपाटं दिली, पोहोच पावती मिळाली, कपाटांत फायली लागल्या. बिलाला मात्र दर खेपेला एकच उत्तर: निधी आलेला नाही. पुढचा 31 मार्चही तसाच गेला.

कायदा नाही असं नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या 2006 च्या एमएसएमईडी कायद्यानुसार 45 दिवसांत पैसे न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, आणि दाद मागायला सुलभीकरण परिषद आहे. पण ज्या साहेबाच्या टेबलावरून पुढची ऑर्डर निघणार, त्याच्यावर केस कोण घालणार? लहान उद्योगांची बिलं थकवणाऱ्या खासगी कंपन्यांना आता आयकरातली वजावट वेळेत मिळत नाही, म्हणून त्या तरी मार्चआधी हलतात. सरकारी कार्यालय आयकर भरत नाही, त्याला ही भीती कसली? वर बांधकाम, पाइपलाइन यांसारख्या कामांच्या कंत्राटांना हा कायदा लागू नाही, असे निकाल मुंबई उच्च न्यायालयानेच दिले आहेत. म्हणजे गावात नळाची पाइप टाकणाऱ्याला हे दारही बंद.

जुलै 2025 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका तरुण कंत्राटदाराने आपलं जीवन संपवलं. जलजीवन मिशनच्या कामाचे एक कोटीहून अधिक रुपये थकले होते, असं त्याच्या घरच्यांचं म्हणणं. सरकारच्या बाजूने सांगितलं गेलं की तो उपकंत्राटदार होता, त्याच्या नावावर थेट देणं नाही. हे उत्तर ऐकून आमच्या वसाहतीत कितीतरी जण गप्प झाले, कारण आम्ही सगळे तसेच आहोत. चर त्याने खणला, पाइप त्याने जोडली, आणि सरकारच्या वहीत तो नव्हताच. छोट्या माणसाला सरकारी काम खरं मिळतं ते याच वाटेने, आणि त्या वाटेवर त्याची कुठेच नोंद नाही.

म्हणून संधी वाढवायची असेल तर सुरुवात इथून करा. उपकंत्राटदाराचं आणि माल पुरवणाऱ्या वर्कशॉपचं नाव करारातच लिहा, आणि त्यांचे पैसे पोचल्याची पावती जोडल्याशिवाय मुख्य ठेकेदाराचं पुढचं बिल काढू नका. निधी हातात नसेल तर कार्यारंभ आदेश देऊ नका. निवडणुकीआधी नारळ फोडण्याची घाई आम्हाला परवडत नाही. बाकांची खरेदी तालुकावार करा, म्हणजे जतचं काम जतच्या आणि वाईचं वाईच्या वर्कशॉपला झेपेल.

आणि एक गोष्ट सांगली व सातारा जिल्हा परिषदांना मुंबईच्या आदेशाची वाट न पाहता करता येईल. थकलेल्या प्रत्येक बिलाची तारीख आणि रक्कम आपल्या संकेतस्थळावर लावा, आणि निधी येईल तसा त्याच तारखांच्या क्रमाने वाटा. ओळख असलेल्याचं बिल आधी निघालं, तर ते सगळ्यांना दिसेल.