आधी वाटाड्या, मग कठडा

पोळा झाला, महालक्ष्म्या उठल्या की आमच्या फुलसावंगीत दिवाळीच्या सुटीचे बेत सुरू होतात. ज्याच्या गाठीला चार पैसे आहेत तो मनाली म्हणतो, ज्याच्या गाठीला आठ आहेत तो बँकॉक म्हणतो. मी बँकेत अधिकारी होतो तेव्हा आम्हाला प्रवासाची सवलत मिळे. तिच्यावर माझ्या सहकाऱ्यांनी कन्याकुमारी पाहिली, दार्जिलिंग पाहिलं, काहींनी अंदमानही गाठलं. त्यांच्यापैकी अनेकांनी सहस्रकुंड मात्र पाहिलेलं नव्हतं. पिकतं तिथे विकत नाही, हे कापसाइतकंच निसर्गालाही लागू आहे.

आणि आमच्याकडे काय कमी पिकतं? धनोड्याला पैनगंगा ओलांडली की माहूर. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेली रेणुकामाता, दत्तशिखर, अनसूयेचं शिखर, रामगड किल्ला, कातळात कोरलेली पांडवलेणी आणि जवळच वझऱ्याचा शेख फरीदचा धबधबा. त्याच नदीच्या काठाने पुढे गेलं तर उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे. दुसऱ्या अंगाला ढाणकी-बिटरगावकडून रान तुडवत गेलं की पैनगंगा अभयारण्य. तिथे साग, मोह, तेंदू, चारोळी सगळं आहे. आणि मग सहस्रकुंड! काळ्याशार खडकावरून नदी अंग झोकून देते, तो आवाज आधी येतो आणि पाणी मागाहून दिसतं.

२०१९ साली टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ गळ्यात रेडिओपट्टा घेऊन निघाला आणि तेराशे किलोमीटरहून अधिक चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वाटेत आदिलाबाद, नांदेड, हिंगोली असा मुलूख त्याने पालथा घातला. जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली. त्या वाघाला आपला परिसर हिंडण्याजोगा वाटला. आपल्याला तो कधी वाटणार?

तुम्ही म्हणाल, लोक जातात की! श्रावणात, रविवारी, सहस्रकुंडाला गाड्यांची रांग लागते. खरं आहे. पण जाऊन करतात काय? गाडीतून उतरायचं, धबधब्याकडे पाठ करायची, फोटो काढायचे, भजी खायची आणि परत फिरायचं. गेल्या पावसाळ्यात असंच एक कुटुंब मी पाहिलं. शाळकरी मुलाने वडिलांना विचारलं, "बाबा, एवढं पाणी येतं कुठून?" वडील म्हणाले, "नदीतून." संवाद संपला. शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या भोयाला मात्र राहवलं नाही. वर इसापूरचं धरण आहे, तिथून पाणी सोडलं की आभाळ कोरडं असतानाही नदी कशी चढते, खडकाचा कुठला पट्टा शेवाळाने निसरडा असतो, कुठल्या डोहात पट्टीच्या पोहणाऱ्यानेही उतरू नये, हे सारं त्याने त्या पोराला दहा मिनिटांत सांगितलं. पोरगं आ वासून ऐकत होतं. निघताना वडिलांनी म्हाताऱ्याला धन्यवादसुद्धा दिले नाहीत. त्याला पैसे देता येतात हे त्यांच्या डोक्यातही आलं नसावं.

माझं म्हणणं या एका गोष्टीपुरतं आहे. आपल्याकडे पर्यटनविकास म्हटला की सिमेंटचा कठडा, बाग, मनोरा आणि उद्घाटनाची कोनशिला एवढंच डोळ्यांपुढे येतं. कठडा हवाच, पण त्याच्याआधी ती जागा जाणणारा माणूस हवा. कठडा एका ठिकाणी उभा असतो, धोका जागा बदलतो. २०२१ च्या सप्टेंबरात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्याच्या पुरात एसटीची बस वाहून गेली. २०२३ च्या जुलैत आमच्याच महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढलं आणि अडकलेल्या माणसांची सुटका करावी लागली. आमच्या भागातलं पाणी दिसतं तसं नसतं. ते ज्याला कळतं, त्याला सोबत घेऊनच नदीवर जावं.

वेस्ट इंडीज म्हटलं की आपल्याला होल्डिंग आणि वॉल्श आठवतात. हे दोघे ज्या जमैका बेटाचे, तिथे ओचो रिओस नावाचं सहलीचं गाव आहे. कधीकाळचं ते कोळ्यांचं खेडं. त्याच्याजवळ डन्स रिव्हर नावाची नदी सुमारे १८० फूट उंचीवरून पायऱ्यापायऱ्यांनी उतरत थेट समुद्राला मिळते. लोक तो धबधबा पाहतात आणि चढतातही. अनोळखी माणसं एकमेकांचे हात धरून साखळी करतात आणि साखळीच्या पुढे स्थानिक वाटाड्या असतो. पाय कुठे ठेवायचा ते तो सांगतो, गमतीजमती करतो, पोरांना सांभाळतो. प्रवेशाला तिकीट आहे, वाटाड्याला कमाई आहे आणि पाहुण्याला जन्मभर सांगण्याजोगी आठवण आहे. खडक आणि पाणी आपल्याकडेही आहे. आपल्याला उभी करायची आहे ती हातांची साखळी.

त्याच जमैकाकडून दुसरा धडाही घ्यावा. तिथे १९५६ च्या एका कायद्याने किनाऱ्याची मालकी सरकारकडे गेली. पुढे किनाऱ्यांवर मोठमोठी हॉटेलं उभी राहिली आणि अनेक ठिकाणी गावकऱ्यांना आपल्याच समुद्रावर जायची चोरी झाली. आजही तिथले लोक त्या हक्कासाठी भांडताहेत. तेव्हा उद्या सहस्रकुंडावर कुणी भपकेबाज रिसॉर्ट बांधायला निघालं तर टाळ्या वाजवण्याआधी विचारावं, भोयाच्या पोराला आत काम काय मिळणार? आणि त्याच्या म्हशी पाण्यावर जाणार कुठून?

आमची आणखी एक अडचण आहे. पैनगंगेच्या अलीकडे वऱ्हाड, पलीकडे पूर्वीचा निजामाचा मुलूख. राज्य एक झालं तरी नदी अजून सीमाच आहे. सहस्रकुंडाचा एक काठ यवतमाळ जिल्ह्यात, दुसरा नांदेडात. महसूल विभागही वेगळे. पाणी मात्र एकच. दोन्ही काठांच्या ग्रामपंचायतींनी एकत्र बसून नियम एक केले, वाहनतळाच्या पावतीतला वाटा ठरवला, दोन्हीकडच्या आंध, कोलाम, बंजारा, भोई समाजातल्या दहा-दहा तरुणांना पोहणं, प्रथमोपचार आणि चार शब्द नीट बोलणं शिकवलं, तर त्यासाठी कुठल्या महामंडळाची वाट पाहायला नको. धरणातून पाणी सुटण्याची खबर आधी या पोरांच्या हाती पडावी, एवढी व्यवस्था मात्र सरकारने करावी.

बँकेत असताना मी म्हशीसाठी कर्ज दिलं, बैलजोडीसाठी दिलं, विहिरीसाठी, शिलाई मशीनसाठी दिलं. "साहेब, मला लोकांना रान दाखवायचंय" म्हणत एकही जण माझ्या टेबलासमोर आला नाही. कसा येणार? ज्ञानाला किंमत असते हेच त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. म्हशीला चारा लागतो, विहिरीला पाणी लागावं लागतं. वाटाड्याचं भांडवल त्याच्या बापजाद्यांनी आधीच त्याच्या डोक्यात जमा करून ठेवलं आहे. मी जन्मभर ताळेबंद तपासले, पण इतकं स्वस्त भांडवल दुसऱ्या कुठल्या धंद्यात पाहिलं नाही.

काही वाचक म्हणतील, आपला माणूस भज्यांना पैसे देईल, माहितीला देणार नाही. मला हे पटत नाही. माहूरला तांबुलाला आपण आनंदाने पैसे देतो. आमच्याच जिल्ह्यात टिपेश्वरला सुन्ना फाटकातून वाघ पाहायला जाणारा पाहुणा जिप्सीत गाइड बसवतो आणि त्याचे पैसे मोजतो. तिथे ते अंगवळणी पडलं, कारण तो नियम आहे. नदीवर तो नियम होईपर्यंत सवय आपण लावायची.

म्हणून यंदा एक करा. मनालीला जरूर जा, पण त्याआधी एक रविवार आपल्या मुलखाला द्या. घरून रोडगे-वांग्याची भाजी न्या, नाही तर तिथल्याच एखाद्या बाईकडून भाकरी-ठेचा करून घ्या. पोहोचल्यावर फोटो काढण्याआधी गावातल्या एखाद्या जाणत्याला गाठा आणि दोन तास सोबत चला म्हणा. पैसे आधी ठरवा आणि ठरल्यापेक्षा थोडे जास्तच द्या. आणि पोरांना सांगून ठेवा : काकांनी "थांब" म्हटलं की थांबायचं, मग पाणी कितीही शांत दिसो.