सण उलटल्यावर दवाखान्यात

दिवाळीनंतरच्या आठवड्यात ठाणे जिल्ह्यातल्या दिवा इथल्या कुठल्याही दवाखान्याचे रजिस्टर चाळले तर नोंदी ठरलेल्या असतात. खोकला, पित्त, वाढलेली साखर, फटाक्यांच्या धुराने उसळलेला दमा. त्यांच्याच आगेमागे आणखी काही तक्रारी असतात. अंग मोडून आल्यासारखे वाटते, छातीत धडधडते, रात्री तीनला जाग येते, हातापायांना मुंग्या येतात. ईसीजी बरा, रक्तदाब बरा. आपण बी-बारा आणि पित्ताची गोळी लिहितो. पेशंट "डॉक्टर, एक बाटली लावा ना" म्हणतो आणि रात्री दहाच्या गर्दीत विषय तिथेच मिटतो. हे संपादकीय या दुसऱ्या यादीविषयी आहे. दसऱ्यापासून रथसप्तमीपर्यंत आपल्याकडे सणांचा हंगाम चालतो. त्यातली दिवाळी उलटली. नाताळ, एकतीस डिसेंबर आणि संक्रांत तोंडावर आहेत.

हिवाळ्यातल्या उदासीचा विषय निघाला की ऋतुनिगडित नैराश्य आठवते. नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली त्याचे वर्णन केले ते उत्तरेकडच्या लांब, काळोख्या हिवाळ्यावरून. ठाणे जिल्हा १९ अंश अक्षांशाच्या आसपास आहे. इथला वर्षातला सर्वांत लहान दिवसही जवळपास अकरा तासांचा. तेव्हा दिव्यातल्या पेशंटच्या उदासीचे कारण उन्हात शोधण्यात फारसा अर्थ नाही. ते घरात, पैशात आणि माणसांत शोधावे लागते.

तिकडचे दुसरे एक निरीक्षण मात्र आपल्या कामाचे आहे. अमेरिकेत नाताळच्या दिवसांत आत्महत्या वाढतात असा समज पक्का आहे. प्रत्यक्षात डिसेंबर हा तिथे सर्वांत कमी आत्महत्यांच्या महिन्यांपैकी एक असतो. वाढ दिसते ती नववर्षाच्या दिवशी. समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड गॅबेनेश यांनी १९८८ मध्ये याची एक उपपत्ती मांडली. सण, सुट्टी, नवे वर्ष माणसाला काहीतरी बरे होईल अशी आशा लावतात, आणि तसे काही झाले नाही की आधीचे दुःख जास्त जड होते. सणाच्या दिवशी माणूस तगून जातो, कारण घर भरलेले असते आणि हातात काम असते. दवाखान्याने लक्ष ठेवायचे ते त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांवर.

दिव्यात या आशेला नेमकी कुठे ठेच लागते, हे आपल्याला पाहता येते. आगरी-कोळी गावठाणाभोवती गेल्या काही दशकांत चाळी आणि इमारती उठल्या आणि कोकणातली कितीतरी कुटुंबे इथे आली. सावंतवाडीची पॅसेंजर इथूनच सुटते. दिवाळी सरली की सिंधुदुर्गात जत्रांचे दिवस येतात. त्रिपुरारी पौर्णिमेनंतर सोनुर्लीच्या माऊलीची जत्रा, मग गावोगावचे दहीकाले. गणपतीला रजा संपवून बसलेला माणूस तेव्हा इथेच असतो. बिहारकडच्या कुटुंबांत हेच छठच्या वेळी होते. कंत्राटी कामगाराच्या हाती बोनस पडत नाही, पण मुलांचे कपडे घ्यावेच लागतात. भिशीचे पैसे संपलेले असतात, लेकीचा पहिला दिवाळसण कर्ज काढून झालेला असतो, आणि हप्त्याची तारीख नोव्हेंबरातही येते. घरातली बाई लोकलने कामावर जाऊन-येऊन रात्री चकल्या तळते. ती आपल्याकडे येते तेव्हा फक्त "कंबर धरलीये" एवढेच सांगते.

सर्वांत नाजूक असते ते गेल्या वर्षभरात माणूस गेलेले घर. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलमधून प्रवासी पडले, त्यातल्या किमान चौघांचा जीव गेला. अशा अपघातांत, आजारात माणूस गमावलेल्या घरांची पहिली दिवाळी नुकतीच झाली. आपल्या रीतीत त्या घरी फराळ करत नाहीत, कंदील लावत नाहीत. नातेवाईक आणि शेजारी फराळ घेऊन जातात, बसतात, बोलतात. या रीतीत शहाणपण आहे. दुःख झाकायचे नाही आणि त्या घराला एकटेही सोडायचे नाही, या दोन्ही गोष्टी ती साधते. पण नव्या इमारतीत समोरच्या दाराआड कोण राहते हेच माहीत नसेल तर रीतीतला फक्त अंधार उरतो, फराळ कुणी आणत नाही. अशा पेशंटला लगेच गोळी लिहिण्याची घाई करू नये. गेलेल्या माणसाचे नाव घेऊन त्याच्याबद्दल विचारावे. नेहमीच्या शोकाला तेवढ्याने आधार मिळतो. मात्र जेवण सुटले, कामावर जाणे सुटले, "मी कशाला राहिलो" असे शब्द आले, तर तो शोकाच्या पुढचा टप्पा समजावा.

पुढे संक्रांत आहे. हळदीकुंकवाला चाळीत सगळ्या दारांवर बोलावणे जाते, एक दार वगळून. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनीही तो कित्ता गिरवावा असे सांगितले. चाळीत ते अजून पोहोचायचे आहे. जानेवारीत पन्नाशीच्या एखाद्या काकूंची साखर अचानक वाढली तर तिळगुळावर बोट ठेवण्याआधी त्या गोळ्या नियमित घेत होत्या का आणि नसतील तर का, हे विचारून पाहावे.

दारूचा प्रश्न आपल्या दवाखान्यांत दोन टोकांनी येतो. एकतीस डिसेंबरचे पिणे सर्वांना दिसते. मार्गशीर्ष लागला म्हणून, माळ घातली म्हणून किंवा "एक तारखेपासून बंद" म्हणून रोज पिणारा माणूस एकदम थांबतो, तेव्हाचा धोका नजरेतून सुटतो. शेवटच्या पिण्यानंतर ६ ते ४८ तासांत आकडी येऊ शकते. ४८ ते ९६ तासांत थरथर, घाम, भास आणि भ्रम. पहिल्यांदाच आकडी आलेला चाळिशीचा पुरुष समोर असेल तर "शेवटची कधी घेतली?" हा प्रश्न आधी. आणि अशा पेशंटला ग्लुकोजची बाटली लावण्यापूर्वी थायमिन द्यावे, नाहीतर वेर्निकेचा मेंदूविकार आपणच ओढवून घेऊ. संकल्पाचे कौतुक जरूर करावे, पण दारू देखरेखीखाली सोडवावी.

मग करायचे काय? दिव्यातल्या दवाखान्यात जागा दहा बाय दहाची, मध्ये पडदा, बाहेर वीस माणसे. तरीही दोन मिनिटे काढता येतात. सोबत आलेल्याला केमिस्टकडे पाठवावे आणि विचारावे, "काय मावशी, दिवाळी कशी झाली?" "झाली की. पोरं खूश," असे उत्तर येते. तिथे न थांबता पुढचा प्रश्न हवा : "आणि तुमची?" त्यानंतर पीएचक्यू-दोनचे दोन प्रश्न साध्या मराठीत विचारावेत. गेल्या दोन आठवड्यांत कशात मन रमेनासे झाले आहे का? उदास, निराश वाटते का? प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. बेरीज तीन किंवा जास्त आली तर पुढची चौकशी, सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. "जीव नकोसा होतो का?" हे थेट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हे करायला पॅथी आड येत नाही. एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस, सर्वांना ते जमण्यासारखे आहे. झोप येत नाही म्हणून अल्प्राझोलामची पट्टी देणे मात्र सर्वांनीच टाळावे. नैराश्य तिथेच राहते आणि गोळीची सवय वर जडते.

पाठवायचे कुठे, याची माहिती टेबलावर असू द्यावी. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय दिव्याहून धीम्या लोकलने दुसऱ्या स्थानकावर आहे. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून चालू आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात सुरू केलेली आयपीएच ही संस्था समुपदेशनाचे काम करते. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास लागतो आणि तिथे मराठीत बोलता येते. तो प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर छापून घ्यायला फारसा खर्च येत नाही. आणि चिठ्ठी देऊन पेशंटला नुसते वाटेला लावू नये. "मनोरुग्णालय" हा शब्द ऐकून निम्मे लोक वाटेतूनच परत फिरतील. तिथे काय विचारतात, केसपेपर कुठे निघतो, सोबत कोणाला न्यावे हे सांगितले तर जाण्याची शक्यता वाढते.

शेवटची सूचना तारखेची. ज्या पेशंटने आपल्याजवळ एकदा तोंड उघडले त्याला "काही वाटलं तर या" असे मोघम सांगू नये. ज्याला काही वाटेनासे झाले आहे तो आपणहून येत नाही. केसपेपरवर पुढच्या आठवड्याचा वार लिहावा, जवळच्या एका माणसाचा फोन नंबर घ्यावा आणि त्या वारी पेशंट आला नाही तर कंपाउंडरकडून फोन करवावा. एकतीस डिसेंबरच्या आधी तपासलेल्यांना जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि संक्रांतीला पाहिलेल्यांना रथसप्तमीनंतर पुन्हा बोलवावे. लसीकरणाच्या तारखा आपण चुकू देत नाही. या तारखाही त्याच वहीत, त्याच शिस्तीने लिहिल्या जाव्यात.