उपचार रक्तावर हवा, वंशावर नको



विदर्भापासून नंदुरबारपर्यंत अनेक आदिवासी आणि दलित समाजांत सिकलसेल हा शब्द घरोघरी ठाऊक आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकातले एक अक्षर बदलते, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्यांत अडकतात आणि माणूस वेदनांनी तळमळतो. याच आजारावरील, जनुकात नेमका बदल करणाऱ्या क्रिस्पर तंत्राच्या उपचाराला २०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने मान्यता दिली. तेव्हा जनुकांना हात लावणे चांगले की वाईट, हा ढोबळ वाद आता पुरे. रुग्णाच्या रक्तपेशींत केलेला बदल त्याच्याबरोबरच संपतो. भ्रूणात केलेला बदल पुढच्या पिढ्यांत उतरू शकतो. पहिला गरिबापर्यंत पोचलाच पाहिजे, दुसऱ्याला बंदीच हवी.

या उपचाराची वाट एका दुर्मीळ वारशाने दाखवली. गर्भातल्या बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते आणि जन्मानंतर ते बनणे जवळजवळ थांबते. काही कुटुंबांत मात्र ते आयुष्यभर बनत राहते. अशा माणसाला सिकलसेलचा वारसा मिळाला तरी त्रास फार कमी होतो. हे पाहून संशोधकांनी रुग्णाच्या मूळपेशींत गर्भातले हिमोग्लोबिन बंद ठेवणाऱ्या बीसीएल११ए या जनुकाची पकड सैल केली आणि गर्भातले हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागले. खुद्द सिकलसेलचे जनुकही निव्वळ शाप नाही. त्याची एकच प्रत असलेल्या वाहकाला मलेरियापासून संरक्षण मिळते, हे शास्त्रज्ञ अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले. कोणते वेगळेपण कधी उपयोगी पडेल हे ज्यांना आधी सांगता येत नाही, त्यांनी वंशाची छाटणी करू नये.

‘मग भ्रूणातच दुरुस्ती करून आजार कायमचा का संपवू नये?’ असे विचारले जाईल. २०१८ मध्ये चीनमधील ‘हे जियानकुई’ या संशोधकाने एचआयव्हीपासून संरक्षणाच्या नावाखाली जुळ्या मुलींच्या भ्रूणांत फेरफार केला; न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची कैद ठोठावली. धोका त्या मुलींनी पत्करायचा होता, पण त्यांची संमती घेणे शक्यच नव्हते. शिवाय आई-वडील दोघेही वाहक असले तरी प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि गर्भजल तपासणीची सोय आहे. एवढ्यासाठी वंश बदलण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो रास्त आहे. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर आहे, त्याआधी कठोर केमोथेरपीही सोसावी लागते. म्हणून हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या आणि वेळेवर रक्त ही आजची पहिली निकड. पण महाग म्हणून उद्याचा उपचार सोडून देणे म्हणजे तो श्रीमंतांच्या हवाली करणे होय.

म्हणून आमची मागणी आहे : सार्वजनिक पैशातून देशी उपचार विकसित व्हावा आणि तो सरकारी रुग्णालयात मोफत मिळावा, प्रयोगाची संमती गोंडी, भिली, कोरकूत समजावून घेतली जावी, सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवणाऱ्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत वाहकांची नावे गुप्त राहावीत, आणि भ्रूणातील जनुकबदलावर कायद्याने स्पष्ट बंदी यावी. ग्रामसभेत हे ठराव मांडा, आमदार-खासदारांना जाब विचारा.